पिशवीच्या तोंडाची तपासणी: त्रास होऊ नये म्हणून आधी काय करायचं आणि टेबलवर काय सांगायचं

पिशवीच्या म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाला कॅन्सरची सुरुवात तर नाही ना, हे बघायची ही तपासणी. तिच्या वेळी बायका अडचण सांगतात, पण बऱ्याचदा चुकीच्या वेळी: टेबलवर झोपल्यावर, पाय वर घेतल्यावर, डॉक्टरांच्या हातात अवजार आल्यावर. तोवर लहान मापाचं अवजार शोधायला किंवा कुशीवर वळवून झोपवायला कुणालाच सवड राहिलेली नसते. मग "जरा सोसा, झालंच" सुरू होतं. अंग आवळतं, दुखतं, नमुना अपुरा निघतो, आणि परत बोलावणं आलं की ती बाई फिरकत नाही.

ही तपासणी दुखलीच पाहिजे असं काही नाही. दुखते तेव्हा त्याला ठरावीक कारणं असतात, आणि त्यातली बरीचशी घरातून निघण्याआधी दूर करता येतात. सातारा-सांगलीकडच्या बायकांसाठी, त्यांच्यासोबत जाणाऱ्यांसाठी आणि गावात याद्या करणाऱ्या आशाताईंसाठी तो सगळा क्रम इथे दिला आहे.

१. कोणती तपासणी आणि कोणासाठी

सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या बायकांची तपासणी दर ५ वर्षांनी करायची असते. एचआयव्हीसह जगणाऱ्या बाईने २५ व्या वर्षापासून आणि दर ३ ते ५ वर्षांनी करावी. एआरटी केंद्रात औषधं घ्यायला जाताना तिथेच विचारून ठेवा.

तपासण्या तीन आहेत. व्हीआयएमध्ये पिशवीच्या तोंडाला ३ ते ५ टक्के अॅसेटिक अॅसिड लावतात, मिनिटभर थांबतात आणि पांढरा चट्टा उठतो का ते नुसत्या डोळ्यांनी पाहतात. निकाल तिथल्या तिथे कळतो. पॅप स्मीअरमध्ये लाकडी किंवा प्लास्टिकची चपटी काडी आणि छोटा ब्रश फिरवून पेशी घेतात. एचपीव्ही डीएनए टेस्टमध्ये ब्रशने नमुना घेऊन एचपीव्ही हा कॅन्सरला कारण ठरणारा विषाणू आहे का ते प्रयोगशाळेत पाहतात. आरोग्य कर्मचारी ही तपासणी करतात तेव्हा तिन्हींत स्पेक्युलम नावाचं अवजार आत घालावं लागतं. मिटलेल्या बदकाच्या चोचीसारखं दिसतं, आत गेल्यावर हळूच उघडतं. त्रासाची बहुतेक गाऱ्हाणी या अवजाराभोवतीचीच असतात.

तुमच्या उपकेंद्रावर म्हणजे आयुष्मान आरोग्य मंदिरात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात (पीएचसीत) व्हीआयए करायला शिकलेल्या सिस्टर कोणत्या वारी असतात, हे आशाताईंना विचारा. पुढची तपासणी लागली तर साताऱ्याचं सिव्हिल, सांगली-मिरजेची शासकीय रुग्णालयं, कराडचं कृष्णा हॉस्पिटल अशा मोठ्या ठिकाणी जावं लागेल. माण किंवा जतहून निघालं तर यात अख्खा दिवस जातो, म्हणून पहिलीच तपासणी धड होणं महत्त्वाचं.

"मला आता काय गरज" असं म्हणून मागे राहणाऱ्या बायका बहुधा याच असतात:

- विधवा किंवा नवऱ्यापासून वेगळ्या राहणाऱ्या. संबंधातून पसरणाऱ्या एचपीव्ही विषाणूपासून कॅन्सर व्हायला साधारण १५ ते २० वर्षं लागू शकतात, त्यामुळे संबंध बंद होऊन दहा वर्षं झाली म्हणजे धोका टळला असं होत नाही.
- पाळी गेलेल्या. यांचा पिशवीच्या तोंडाचा तपासायचा भाग आत सरकलेला असतो आणि व्हीआयएत तो पुरता दिसत नाही. अशा वेळी पॅप किंवा एचपीव्ही टेस्ट होईल का, हे स्वतः विचारा.
- कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेल्या किंवा तांबी बसवलेल्या. दोघींनाही तपासणी लागू आहे.
- पिशवी काढलेल्या. इथे सर्रास गोंधळ होतो. ऑपरेशनमध्ये पिशवीचं तोंडही काढलं असेल आणि कारण कॅन्सरचं नसेल, तर बहुतेकींना ही तपासणी लागत नाही. पण काही वेळा पिशवी काढून तोंड ठेवलेलं असतं आणि बाईला ते माहीतच नसतं. डिस्चार्ज कार्ड शोधा, सापडलं नाही तर ऑपरेशन झालेल्या दवाखान्यात विचारा.

सावध: संबंधानंतर रक्त जाणं, पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून लाल जाणं, घाण वासाचं पाणी जाणं यापैकी काही असेल तर शिबिराची वाट बघू नका. थेट स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. शिबिर हे काहीही त्रास नसलेल्या बायकांसाठी असतं.

२. दिवस ठरवणं

पाळी आल्याचा पहिला दिवस धरून १० ते २० व्या दिवसांमधला दिवस सर्वांत चांगला. रक्त जात असताना व्हीआयएत चट्टा दिसत नाही आणि पॅपच्या काचेवर पेशींऐवजी रक्तच येतं. पाळी वेळेवर येत नसेल तर रक्त पूर्ण थांबल्यावर ४-५ दिवसांनी जा. पाळी गेलेल्यांना कोणताही दिवस चालतो.

होतं असं की गावात शिबिर लागतं, आशाताईंना यादी पूर्ण करायची असते, आणि पाळीच्या तिसऱ्या दिवशीही बाई रांगेत उभी राहते. भिडेखातर जाऊ नका. "ताई, माझी पाळी चालू आहे, पुढची तारीख द्या" एवढं सांगा आणि तारीख लिहूनच घ्या.

गरोदर असाल किंवा बाळंतपण वा गर्भपात होऊन १२ आठवडे झाले नसतील तर व्हीआयए करत नाहीत, ते आधीच सांगा. अंगावर पाजत असाल आणि आत कोरडं वाटत असेल तर तेही. त्याचा उपयोग पुढे पाचव्या टप्प्यात आहे.

तासगाव-पलूसकडे द्राक्षाच्या विरळणी-डिपिंगच्या दिवसांत किंवा ऊसतोड भरात असताना रोज बुडवून जाणं कोणालाच परवडत नाही. घाईघाईत, "चारच्या एसटीला परतायचंय" म्हणत गेलं की अंग सैल सुटत नाही. कामाचा जोर नसलेला आठवडा बघा. नंबर पहिल्या तासातला मिळाला तर उत्तम, त्या वेळी गर्दी कमी आणि सिस्टर दमलेल्या नसतात.

३. दोन दिवस आधी

आधीच्या ४८ तासांत हे टाळा: संबंध, योनीत ठेवायच्या गोळ्या किंवा मलम, आत पाणी मारून धुणं. यामुळे पेशी धुऊन जातात किंवा औषधाच्या थराखाली झाकल्या जातात.

बायका लाजेपोटी आणखी दोन गोष्टी करतात आणि त्रास ओढवून घेतात. एक म्हणजे निघायच्या आधी साबण, डेटॉल किंवा तुरटीच्या पाण्याने आतपर्यंत धुणं. नाजूक त्वचा कोरडी पडते, सोलवटते, आणि मग अॅसेटिक अॅसिड लावलं की आग होते. दुसरी म्हणजे आदल्या रात्री ब्लेडने केस काढणं. बारीक कापतं आणि ते अॅसिड त्या चिरांना झोंबतं. केस काढायची काहीच गरज नाही. बाहेरून साध्या पाण्याने अंघोळ पुरेशी आहे, कोणी नाव ठेवत नाही.

खाज, दह्यासारखं किंवा हिरवट-पिवळं पांढरं जाणं, लघवीला आग, यातलं काही असेल तर आधी औषध घ्या आणि तपासणी पुढे ढकला. जंतुसंसर्ग असताना साधा स्पर्शही झोंबतो, आणि सूज आलेल्या पेशींमुळे रिपोर्टही धड येत नाही.

पाळी जाऊन काही वर्षं झाली असतील आणि मागच्या वेळी फार कोरडं, फाटल्यासारखं दुखलं असेल, तर दोन-तीन आठवडे आधी डॉक्टरांना भेटा. योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं मलम काही दिवस वापरलं की आतली त्वचा मऊ होते. ते तपासणीच्या दोन दिवस आधी थांबवायचं. स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल तर ते सांगितल्याशिवाय हे मलम घेऊ नका आणि शेजारणीचं उरलेलं तर मुळीच वापरू नका. आमच्या मते पन्नाशीपुढच्या बायकांसाठी या लेखातला सर्वांत उपयोगी सल्ला हाच आहे, आणि तोच सहसा कोणी देत नाही.

४. त्या दिवशी सकाळी

उपाशी जाऊ नका. नवरात्र असो की गुरुवार, तपासणी उपवासाच्या दिवशी ठेवू नका. पिशवीच्या तोंडाला स्पर्श झाला की काहींचा रक्तदाब क्षणभर उतरतो आणि चक्कर येते. पोटात काही नसेल तर ते व्हायची शक्यता वाढते. भाकरी-भाजी खाऊन निघा. साखरेच्या आणि बीपीच्या गोळ्या रोजच्यासारख्या घ्या. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती स्वतःहून बंद करू नका, फक्त सांगा. मागच्या वेळी ओटीपोटात जोराची कळ आली असेल, तर तासभर आधी पॅरासिटामॉल घेतली तर चालेल का, हे डॉक्टरांना विचारून ठेवा.

कपडे: परकर-साडी सर्वांत सोयीची, कारण वर सरकवली की झालं, कमरेपर्यंत अंग झाकलेलंच राहतं. सलवार-कुर्ता असेल तर कुर्ता लांब घाला. जीन्स-टॉप नको, कमरेखाली सगळंच काढावं लागतं. नऊवारी नेसणाऱ्या आजी-मावश्यांना काष्टा सोडावा लागतो, आणि परत नेसायला ना जागा असते ना सवड. त्यांनी त्या दिवशी परकर आणि गोल साडी किंवा गाऊन घालावा. पिशवीत एक जुनी स्वच्छ चादर किंवा ओढणी, एक पॅड आणि जुन्या तपासण्यांचे कागद टाका.

लघवी: दोन तास एसटीत बसून, पुढे तासभर रांगेत, वर दवाखान्यातलं शौचालय वापरायची किळस, असं करून बायका भरल्या लघवीने टेबलवर चढतात. लघवीची पिशवी भरलेली असली की स्पेक्युलमचा दाब थेट तिच्यावर येतो आणि "दुखतंय" म्हणून जे वाटतं त्यातलं बरंचसं हेच असू शकतं. नाव पुकारण्याआधी लघवीला जाऊन या. लघवीचा नमुना मागतील का ते आधी विचारा, म्हणजे दोनदा जावं लागणार नाही.

तपासून घ्या: खाल्लं? कागद घेतले? पाळीची शेवटची तारीख लक्षात आहे? लघवी झाली?

५. टेबलवर चढण्याआधी

हा टप्पा गाळला की पुढचं सगळं अवघड होतं. केसपेपर लिहिताना, साडी अंगावर असताना, बसून बोला.

आधी सोबतीचं ठरवा. जाऊ, नणंद, बहीण कोणीही चालेल, पण संबंध, रक्त जाणं, गर्भपात हे प्रश्न सासूबाईंसमोर आले की बाई खोटी उत्तरं देते किंवा गप्प बसते. माहिती देताना एकटीच आत जा आणि तपासणीच्या वेळी सोबतीणीला बोलवा. सिस्टरांना कानात सांगितलं तरी त्या बाकीच्यांना बाहेर थांबवतात. पुरुष डॉक्टर तपासणार असतील तर खोलीत दुसरी बाई असणं हा रुग्णहक्कांच्या सनदेत लिहिलेला तुमचा हक्क आहे. ते मागणं म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणं नाही.

मग यातलं जे लागू असेल ते एका वाक्यात सांगा. वाक्यं तयार देत आहोत, कारण ऐनवेळी शब्द सुचत नाहीत.

- "मॅडम, मला आत कोरडं पडतं, लहान मापाचं घ्या आणि थोडं जेल किंवा कोमट पाणी लावून घ्या." स्पेक्युलम लहान, मध्यम, मोठं असं मिळतं. जेल पाण्यात विरघळणारं, थोडं आणि फक्त बाहेरच्या बाजूला लावतात. टोकाला लागलं तर नमुना बिघडू शकतो.
- "बाळंतपणाच्या टाक्यांची जागा अजून दुखते." म्हणजे त्या बाजूला दाब पडणार नाही.
- "माझं अंग बाहेर येतं" (म्हणजे पिशवी खाली सरकते). लाजू नका, खेड्यात बाळंतपणं आणि जड कामं झालेल्या कितीतरी बायकांना हे असतं. हे माहीत असलं की अवजार वेगळ्या पद्धतीने धरतात.
- "गुडघे-कंबर धरलीय, पाय फाकवता येत नाहीत." अशा बाईची तपासणी डाव्या कुशीवर झोपवून, गुडघे पोटाकडे घेऊनही होते.
- "पिशवी मागे वळलेली आहे असं मागे सांगितलं होतं." मग कमरेखाली उशी किंवा स्वतःच्या मुठी ठेवल्या की तोंड लवकर दिसतं, आत शोधाशोध होत नाही.
- "मला आधी वाईट अनुभव आलाय, हळू करा." काय झालं होतं ते सांगायची सक्ती नाही. एवढं वाक्य पुरतं.

शेवटी खूण ठरवा: "मी हात वर केला की थांबा." नुसतं "दुखलं तर सांगते" म्हटल्याने काम होत नाही, कारण दुखायला लागल्यावर तोंडातून शब्द फुटत नाही. हात मात्र वर जातो. आधी ठरवलेलं असलं की समोरची व्यक्तीही थांबते.

सावध: शिबिर शाळेच्या खोलीत किंवा समाजमंदिरात असेल तर चढण्याआधी नजर फिरवा. खिडकी झाकली आहे का, पडदा आहे का, आतमध्ये एका वेळी एकच बाई आहे का, आणि प्रत्येकीला वेगळं निर्जंतुक केलेलं किंवा नवं प्लास्टिकचं स्पेक्युलम पाकिटातून काढतात का. यातलं काही नसेल तर "मी पीएचसीत येऊन करते" म्हणून परत फिरा.

६. टेबलवर

सोबत आणलेली चादर कमरेवर घ्या. मग क्रम असा:

१) कंबर टेबलच्या अगदी कडेला आणा. बायका पडायच्या भीतीने वर सरकून झोपतात. मग अवजाराचा दांडा टेबलला अडतो, कोन चुकतो आणि दाब वर लघवीच्या जागेकडे जातो. "अजून खाली सरका" म्हणतात ते यासाठी.

२) गुडघे बाहेरच्या बाजूला सैल सोडा. स्वतः ताणून धरू नका. हात डोक्यामागे घेऊ नका, त्याने पोट ताणलं जातं. एक हात पोटावर ठेवा.

३) "आता घालतेय" असं सांगितलं की तोंडाने हळूहळू फुंकर मारल्यासारखा श्वास सोडा. श्वास रोखला की खालचे स्नायू आपोआप आवळतात. पायाची बोटं हलवत राहिलात तर मांड्या आवळायचं भान राहत नाही.

४) अवजार आत जाताना तिरपं आणि पाठीच्या दिशेला जातं, मग वळवून उघडतात. उघडताना दाब, ताण जाणवणं साहजिक आहे. टोचणं, फाटल्यासारखं वाटणं, चिमटा बसणं हे साहजिक नाही.

५) व्हीआयए असेल तर गार ओलसर स्पर्श, क्षणभर हलकी चुरचुर आणि मिनिटभर वाट. पॅप असेल तर काडी पूर्ण गोल फिरवतात, मग ब्रश. ब्रशच्या वेळी पाळीसारखी एक छोटी कळ येऊ शकते, ती काही सेकंदांत जाते.

६) काढताना अवजार थोडं उघडं ठेवूनच मागे घेतात आणि पिशवीच्या तोंडापासून सुटल्यावर मिटतात. इथे घाई झाली की आतली त्वचा किंवा केस पात्यांत चिमटतात. म्हणून "झालं" ऐकल्याबरोबर उठून बसू नका. "निघालं" म्हणेपर्यंत श्वास सोडत राहा.

काही ठिकाणी यानंतर दोन बोटं आत घालून, पोटावर हात ठेवून पिशवी चाचपतात. हा वेगळा भाग आहे. तो कशासाठी, आज लागणार आहे का, हे विचारा आणि मगच हो म्हणा.

ज्यांचं अंग भीतीने बंदच होतं त्यांच्यासाठी एक उपाय: स्पेक्युलमचं टोक स्वतःच्या हाताने आत घालायचं आणि पुढचं डॉक्टरांनी करायचं. ऐकायला विचित्र वाटेल, पण स्वतःच्या हातात असलं की अंग इतकं आवळत नाही. "मी स्वतः सुरुवात करू का?" असं विचारा.

७. दुखलं तर कुठे दुखतंय ते सांगा

नुसतं "दुखतंय" ऐकून समोरच्याला काय बदलायचं ते कळत नाही. जागा सांगितली की कळतं.

योनीच्या तोंडाशीच, आत जाताना: स्नायू आवळलेत किंवा कोरडं आहे. थांबून दोन श्वास, थोडं जेल, नाही जमलं तर लहान माप. यावरही जात नसेल तर जोर लावायचा नाही. काही बायकांचे स्नायू त्यांच्या इच्छेविरुद्ध घट्ट मिटतात. याला उपचार आहेत. तो त्यांचा दोष नाही आणि "लग्न झालंय ना, मग काय" हे त्यावरचं उत्तर नाही.

वर, लघवीच्या जागी: लघवी भरलेली आहे किंवा अवजार वरच्या बाजूला टेकलंय. "खाली दाबून घ्या" म्हणा.

बाजूंना ताण, फाटेल असं: पाती गरजेपेक्षा जास्त उघडलीत. "थोडं मिटवा" म्हणा. स्क्रू अर्धा फेरा फिरवला तरी फरक पडतो.

खोल आत, टोचल्यासारखं: टोक पिशवीच्या तोंडावर आपटतंय किंवा माप जास्त लांब आहे. संबंधाच्या वेळीही असंच खोल दुखत असेल आणि पाळीत असह्य कळा येत असतील तर तेही सांगा. त्याची तपासणी वेगळी करावी लागते.

आग: अॅसिड सोलवटलेल्या किंवा जंतुसंसर्ग झालेल्या जागी लागलंय. पुसून घ्यायला सांगा. मिनिटा-दोन मिनिटांत कमी होते.

डोळ्यांपुढे अंधारी, घाम, कानात आवाज: लगेच सांगा. पाय वर तसेच ठेवून पडून राहायचं, उठायचं नाही.

हात वर करूनही कोणी थांबलं नाही तर "थांबवा, मला आज नको" म्हणायचा अधिकार शेवटच्या क्षणापर्यंत तुमचाच आहे. अर्धवट तपासणीने नुकसान होत नाही, नंतर कधीतरी दुसऱ्या सिस्टरकडे करता येते. जबरदस्तीने पूर्ण केलेल्या तपासणीने मात्र बाई पुढची वीस वर्षं दवाखान्याचं तोंड पाहत नाही, आणि आजार वाढायला तेवढी वर्षं भरपूर होतात. म्हणून आशाताईंनो, घाबरलेल्या बाईला "सगळ्या करतात" म्हणून ढकलू नका. तिला पुढची तारीख द्या आणि त्या दिवशी स्वतः आत उभ्या राहा.

८. स्पेक्युलम जमतच नसेल तर

एचपीव्ही टेस्टचा नमुना बाईला स्वतःलाही घेता येतो, जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिलेली आहे. ही सोय सगळीकडे नाही, मोठ्या रुग्णालयात किंवा प्रयोगशाळेत चौकशी करावी लागेल. हात धुऊन, एक पाय स्टुलावर ठेवून किंवा उकिडवं बसून, किटमधला मऊ ब्रश सहज जाईल तितकाच आत घालायचा, किटवर लिहिलंय तितक्या वेळा फिरवायचा आणि कशालाही न टेकवता नळीत ठेवून झाकण घट्ट लावायचं. पिशवीच्या तोंडापर्यंत पोचलाच पाहिजे असं नाही. मात्र विषाणू सापडला तर पुढे डॉक्टरांची तपासणी टळत नाही. तेव्हा पाचव्या टप्प्यातली वाक्यं पुन्हा कामी येतील.

९. उठताना आणि घरी आल्यावर

आधी कुशीवर वळा, मिनिटभर बसा, मग उतरा. पॅड लावा. एक-दोन दिवस थेंबभर लाल किंवा तपकिरी डाग पडणं, हलकी कळ येणं चालतं. काम, स्वयंपाक, अंघोळ सगळं त्याच दिवशी करता येतं. डाग थांबेपर्यंत संबंध टाळा.

सावध: पाळीपेक्षा जास्त रक्त, ताप, घाण वास किंवा थांबत नाही अशी ओटीपोटातली कळ असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

१०. रिपोर्ट

पॅप किंवा एचपीव्ही टेस्ट असेल तर मोबाइल नंबर देताना विचार करा. नवऱ्याचा किंवा मुलाचा नंबर दिला की रिपोर्ट आधी त्यांच्याकडे जातो. स्वतःचा फोन नसेल तर ज्या बहिणीवर, आशाताईंवर विश्वास आहे त्यांचा द्या. रिपोर्ट किती दिवसांत, कोणाकडे मिळेल ते कागदावर लिहून घ्या. "काही असलं तर कळवू" यावर विसंबू नका. कळवलं नाही म्हणजे सगळं ठीक, असं धरून बसलेल्या बायकांचे बिघडलेले रिपोर्ट फायलीतच राहतात.

"नमुना अपुरा" म्हणजे आजार नाही, पेशी कमी आल्या किंवा रक्त आलं. पुन्हा द्यायचा, शक्यतो दुसऱ्या टप्प्यात सांगितलेले दिवस पाळून.

"व्हीआयए पॉझिटिव्ह" किंवा "एचपीव्ही पॉझिटिव्ह" म्हणजे कॅन्सर नाही. कोल्पोस्कोपी, म्हणजे भिंगातून पाहणं, करून घ्यायचं. चट्टा उपचाराजोगा निघाला तर गरम टोकाने किंवा गोठवून तो जागीच काढतात, बहुतेक वेळा भरती न होता. विषाणू असल्यावरून नवऱ्यावर किंवा बाईवर संशय घेऊ नका. तो फार सर्वसामान्य आहे, कित्येक वर्षं गुपचूप राहतो आणि बहुतेकींच्या शरीरातून आपोआप जातो.

आणि "पिशवीच्या तोंडाला जखम आहे, पिशवी काढून टाका" असं कोणी पहिल्याच भेटीत म्हटलं तर तिथे पैसे भरू नका. तोंडावरचा लालसर भाग अनेक निरोगी बायकांना असतो, त्याला बोलीत जखम म्हणतात. पॅप, कोल्पोस्कोपी आणि गरज पडल्यास तुकडा तपासल्याशिवाय पिशवी काढायचा निर्णय होत नाही. कागद घेऊन मिरज, सातारा किंवा कराडच्या मोठ्या रुग्णालयात दुसरा सल्ला घ्या.

रिपोर्ट चांगला आला तर त्यावरच पुढची तारीख लिहा, ५ वर्षांनंतरचा महिना आणि वर्ष. त्याच्या मागच्या बाजूला या वेळी काय जमलं तेही लिहा: "लहान माप, डाव्या कुशीवर, कमरेखाली उशी." पुढच्या सिस्टरांना तो कागद आधी दाखवा.